सत्र पूर्ण करून ये

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार. कोपरगाव.

मी, श्रीमंत वैजनाथ औताडे, वय वर्षे छप्पन, वाणिज्य शाखेचा पदवीधर, मूळ राहणार बेलापूर, आजपासून येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात कार्यालयीन अधीक्षक म्हणून रुजू झालो. ही रोजनिशी लिहिण्याचा हेतू एकच आहे. माझी एकुलती मुलगी राजनंदिनी पुण्यात अन्नतंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि एका सत्रासाठी ती फिनलंडला गेली आहे. तिथल्या विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांना अनुभवांची वही ठेवायला सांगितले आहे. तिने मलाही वही घ्यायला लावली. तिचे म्हणणे असे की गाव तिला नवे तसे मलाही नवे, तेव्हा दोघांनीही लिहावे आणि ती परत आली की वह्यांची अदलाबदल करावी. नगरहून आम्ही एकसारख्या दोन वह्या आणल्या. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याच्या. परतीची तारीख २० डिसेंबर, शनिवार. ती मी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली आहे.

परवा मुंबईच्या विमानतळावर आपल्याकडे म्हणतात तसे ती 'येते' म्हणाली. मी 'ये' म्हणालो. तिची आई असती तर रडली असती. मी तिची कागदपत्रे पुन्हा एकदा तपासून दिली.

घर पहिल्या मजल्यावर, हवेशीर. बाहेरून दगडी जिना, सतरा पायऱ्या. खिडकीतून गोदावरीचा पूल आणि कारखान्याकडे जाणारा रस्ता दिसतो. मालकीणबाई लंकाबाई तळमजल्यावर एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे, जीभ विशीतली. मला पायऱ्या मोजताना पाहून त्या म्हणाल्या, की लई भाडेकरू आले न् गेले, पर एकादी चोरीला जाईल म्हनून पायऱ्या मोजून घेनारा ह्यो पैलाच. मी हसलो. फार दिवसांनी हसलो, हेही नमूद करतो.

७ सप्टेंबर, रविवार.

रोज सायंकाळी साडेसहाला नंदूचा फोन येतो. तेव्हा तिकडे चार वाजलेले असतात. ती जे सांगते त्याचा गोषवारा असा: वसतिगृहाच्या मजल्यावर सात मुलींचे मिळून एक स्वयंपाकघर आहे. फ्रिजमधल्या प्रत्येक फळीवर एकेकीच्या नावाची पट्टी चिकटवलेली. पहिल्याच दिवशी तिने पिठल्याला फोडणी दिली आणि धुराची घंटा वाजून अख्खी इमारत खाली उतरली. मग रस्त्यावर उभ्या असलेल्या चाळीस जणांना तिने पिठले वाढले. कपडे धुण्याच्या यंत्रासाठी दोन दिवस आधी नाव नोंदवावे लागते. हे तिने मुद्दाम सांगितले. बाबा, हा देश तुमच्यासाठीच बनवलाय, असे म्हणून खूप हसली.

कार्यालयात गेल्या आठवड्यात एका पालकाने अर्जावर दोन दिवस मागची तारीख घालून घेण्याचा आग्रह धरला. मी नकार दिला. एकतीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही कागदावर मी मागील तारीख घातलेली नाही. त्यांनी जाताना विचारले, की सायेब, तारीख मागं सारल्यावर तिला काय दुखतं व्हय? शिपायालाही हसू आले. नंदूला सांगितले तर ती म्हणाली, तुमच्या जन्मपत्रिकेवरही जावक क्रमांक असणार, बाबा.

५ ऑक्टोबर, रविवार.

तिकडे थंडी पडू लागली आहे. अंधारात पायी चालणाऱ्या प्रत्येकाने कोटाला एक चमकता बिल्ला लावायचा असतो, म्हणजे गाडीवाल्याला माणूस दिसतो. ती म्हणाली, आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीला मागून लाल चकत्या लावतात ना, तशीच मी झालेय. तिचा बिल्ला पांढरा, बदामाच्या पानाच्या आकाराचा आहे. तिने फोनसमोर हलवून दाखवला. लंकाबाईंनीही पाहिला आणि पोरीला सांगितले, की बाई, तू ऊस न्हाईस, कारखान्याच्या काट्यापाशी रांगेत उभी ऱ्हाऊ नकोस, लौकर घरी ये. नंदू 'आजी' म्हणून इतक्या मोठ्याने हसली की मला फोनचा आवाज कमी करावा लागला.

तिची हजेरी आजवर शंभर टक्के आहे. वसतिगृह आणि वर्ग यांच्यामध्ये एक मोठे तळे आहे. बस त्याला वळसा घालून जाते, बावीस मिनिटे लागतात.

२७ ऑक्टोबर, सोमवार.

कालपासून तिकडची घड्याळे एक तास मागे घेतली आहेत. आपल्या साडेसहाला आता तिकडे तीनच वाजतात. अख्ख्या देशाने वेळ मागे घ्यायची, हे मला विचित्र वाटले.

दिवाळीत ती एकटी होती. मी पाठवलेले फराळाचे खोके उशिरा पोहोचले. चकल्यांचा चुरा झाला होता, तोच तिने चमच्याने खाल्ला. बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, हे पहिल्या महिन्यात तिला गमतीचे वाटत होते. काल म्हणाली, बाबा, आज दिवसभरात मी एकही शब्द बोलले नाही, तुमच्या फोनसाठी आवाज निघतो का ते आधी करून पाहिलं.

मी तिला सकाळी फिरायला जाण्याचा सल्ला दिला.

९ नोव्हेंबर, रविवार.

हे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

नंदूने आज परत येण्याची परवानगी मागितली. सत्र मध्येच सोडायचे असेल तर पुण्याच्या महाविद्यालयाला पालकाचे संमतिपत्र लागते. त्याचा नमुना तिने दुपारीच मेलवर पाठवून ठेवला होता. फोनवर रडली नाही. झोप लागत नाही, उजेड पुरत नाही, इथे मी कुणाला दिसतच नाही असं वाटतं, एवढेच तिने सांगितले. म्हणाली, बाबा, मी घरी येऊ का?

मी नमुना छापून घेऊन वाचला. मग तिला समजावले. आज ९ तारीख. एकेचाळीस दिवस राहिले आहेत. शहाण्णव टक्के हजेरीनंतर सत्र सोडले तर श्रेयांक मिळणार नाहीत, वर्ष वाया जाईल, आणि अर्धवट सोडण्याची सवय माणसाला पुढे नडते. हे सारे मी न रागावता, क्रमाने सांगितले. शेवटी म्हणालो, सत्र पूर्ण करून ये.

ती म्हणाली, बरं बाबा.

संमतिपत्रावर पेन्सिलीने 'प्रलंबित' असा शेरा मारून ते फाइलला लावले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

नंदू नेहमीप्रमाणे बोलली. परत येण्याचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही. परवा बस चुकल्यामुळे पहिला तास बुडाला, म्हणून ती हिरमुसली होती. यापुढे एकही हजेरी चुकवणार नाही, असे तिने आपणहून सांगितले. मला समाधान वाटले.

तळे गोठू लागले आहे म्हणे. तिने खिडकीतून दाखवले. नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखे दिसत होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

काल दुपारी तीन चाळीसला कार्यालयात नंदूच्या तिकडच्या विद्यापीठातून फोन आला. बाई सावकाश इंग्रजीत बोलत होत्या. त्यांना मी तीनदा पुन्हा सांगायला लावले.

सोमवारी सकाळी नंदूची बस चुकली. तळ्यावरून गेले की वर्ग सहा मिनिटांवर. मैत्रिणीला तिने निरोप पाठवला होता की पहिला तास चुकवायचा नाही, सरळ येते. बर्फ दोन बोटे जाड होता, मध्यावर फुटला. वीतभर जाड झाल्याशिवाय तिथे कुणी पाऊल ठेवत नाही. तिकडच्या लहान मुलांनाही हे ठाऊक असते. आमच्या मुलीला कोण सांगणार? आमच्या गोदावरीला पूर ठाऊक आहे. पाणी उभे राहते, जमिनीचे सोंग घेते, हे आमच्याकडे कुणी कधी पाहिलेले नाही.

ती हजेरीसाठी चालली होती.

लंकाबाई कालपासून माझ्या दाराबाहेर बसून आहेत. चहा ठेवतात, निवतो, उचलतात.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

आज गोदावरीकाठी अग्निसंस्कार झाला. विमानाने आलेली तिची पेटी बेलापूरला न्यावी असे माझ्या धाकट्या भावाचे, ज्ञानेश्वरचे म्हणणे होते. मी ऐकले नाही. नंदूने कोपरगावचे घर पाहिले नव्हते, तिला इकडेच यायचे होते.

परतताना ज्ञानेश्वरने माझा दंड घट्ट धरला होता. मागं वळून बघायचं न्हाई दादा, नावानं हाक मारायची न्हाई, असे तो सारखा सांगत होता.

५ डिसेंबर, शुक्रवार.

अग्निसंस्कारापासून मोजून आज दहावा. घाटावर तीसेक माणसे होती. पिंड मांडले, सगळे मागे सरले. विजेच्या तारेवर अकरा कावळे होते. एकही खाली उतरला नाही.

पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचे काही मागणे अडले आहे, असे आपल्याकडे मानतात. मग एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा असतो. ज्ञानेश्वरने हात जोडून सांगितले, की नंदू, दादाला आमी एकटं पडू देनार न्हाई. भावजयीने तिच्या नावाने मुलींना वह्या-पुस्तके वाटायचे कबूल केले. लंकाबाई म्हणाल्या, की माझे बाई, माझ्या हातचं पिठलं खायचं राह्यलं का तुजं, ह्यो शब्द घे, म्होरल्या वक्ताला ठिवीन. कावळे बसून होते. एक तास दहा मिनिटे झाली. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

तिला काय हवे होते ते मला ठाऊक होते. मी बोललो नाही. गेलेल्या माणसाला घरी ये म्हणायचे नसते, हे एक कारण. तिने येऊ का म्हणून विचारले होते आणि मी नाही म्हणालो होतो, हे तीस माणसांना कळले असते, हे दुसरे. दुसरे खरे.

गुरुजींना बारा वाजता दुसरा विधी होता. मी घड्याळ पाहिले. दर्भाचा कावळा करून शिववून घ्या, असे मीच सांगितले. गुरुजींनी गवताची गाठ मारली, पिंडाला टेकवली. विधी पूर्ण झाल्याचे सर्वांनी मान्य केले.

७ डिसेंबर, रविवार.

नंदूचे सामान आले. कपडे, पुस्तके, पिठल्याची कढई. निळी वही. चमकता बिल्ला यादीत नाही. तो कोटावर होता आणि कोट मिळाला नाही.

वही दिवसभर वाचली. रोजचे एक पान, २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर, एकूण चौऱ्याऐंशी पाने. ९ नोव्हेंबरच्या पानावर एकच ओळ आहे: 'बाबांना पुन्हा विचारणार नाही, त्यांना त्रास होतो.'

पान पंच्याऐंशीपासून दोनशेपर्यंत कोरे. प्रत्येक पान उलटून खात्री केली. वही कपाटात ठेवून कुलूप लावले.

८ डिसेंबर, सोमवार.

कार्यालयातून आल्यावर वही पुन्हा काढली. पंच्याऐंशीवे पान कोरे नाही.

'१७ नोव्हेंबर. पहिला तास चुकला नाही. सरांनी हजेरी घेतली पण माझं नाव घेतलं नाही. मी तीनदा हजर म्हटलं.'

अक्षर तिचे आहे. 'र'चा पाय लांब ओढण्याची तिची लकब मी पहिलीपासून मोडू पाहत होतो. कागद दमट आहे. माझ्या नजरेतून पान सुटले असेल, ही शक्यता मी विचारात घेतली. मी काल एकशे सोळा कोरी पाने मोजली होती.

१० डिसेंबर, बुधवार.

कपाटाला काल लाखेची मोहोर लावली होती. मोहोर शाबूत. वही पान एकशे आठपर्यंत भरली आहे. त्या पानावर आजची तारीख आहे.

काही उतारे नोंदवतो. म्हणजे मी हे वाचले, एवढे तरी कुठे राहील.

पान ९१. 'फ्रिजमधली माझ्या नावाची पट्टी काढून टाकली. मी नवी लावते. ओली होऊन पडते.'

पान ९६. 'इथे खाली बसची चाकं दिसतात. वर काठावरून जातात.'

पान १०३. ५ डिसेंबर. 'काकांचा आवाज आला. आजीचा आला. बाबा काहीतरी म्हणतील म्हणून मी थांबले. ते घड्याळ बघत होते.'

याच्यापुढे आज लिहवत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

लंकाबाईंना सर्व सांगितले. वही दाखवली. त्यांना वाचता येत नाही, पण पानावरून बोट फिरवून त्यांनी ते पदराला पुसले. ओले झाले होते. पोरीनं काय मागितलं हुतं, असे त्यांनी विचारले. मी ९ नोव्हेंबरचे बोलणे शब्दशः सांगितले. जिवंत माणसाला प्रथमच सांगितले.

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, की सायेब, पोर गुनाची हाय. तुमी पुरं कर म्हनलात, तिनं ऐकलं. आजून बी ऐकती हाय. तिला कुनी सांगितलंच न्हाई का संपलं म्हनून. घाटावर जावा आन् सांगा, झालं बाई तुजं, आता जा. 'जा' म्हना. पर 'ये' म्हनू नका. तिकडून यायला लागलेलं मानूस आपलं ऱ्हात न्हाई.

१३ डिसेंबर, शनिवार.

घाटावर गेलो. दुपारी एक ते चार उभा होतो. 'जा' हा शब्द आमच्या घरात आम्ही कधी वापरला नाही. तिची आई गेली तेव्हाही नाही. ओठ हलवले. आवाज निघाला नाही.

पान १११. 'बाबा आज पाण्यापाशी आले होते. खूप वेळ होते. काही म्हणाले नाहीत. सात दिवस राहिले.'

१५ डिसेंबर, सोमवार.

सकाळी अकरा वाजता, भर उन्हात, लंकाबाईंच्या अंगणातल्या हंड्यात पाण्यावर साय धरली होती. त्यांनी तांब्याने ठोकले तर ती तडकली. काच हाय का काय ह्ये, असे म्हणून त्यांनी तुकडा माझ्या हातावर ठेवला. दोन बोटे जाड.

मी ओळखले. त्यांना सांगितले नाही.

जिन्यावरच्या पहिल्या दोन पायऱ्या ओल्या आहेत. वरच्या पंधरा कोरड्या.

१७ डिसेंबर, बुधवार.

आठ पायऱ्या ओल्या. पुसतो, पुन्हा —

पान ११५. 'तीन दिवस. प्रमाणपत्र देणार नाहीत बहुतेक. हजेरी पूर्ण भरली तरी. बाबा रागावतील का?'

नंदू, नाही. नाही रागावणार.

कार्यालयात रजेचा अर्ज दिला. कारणाची जागा कोरी सोडली. आयुष्यात प्रथमच.

१८ डिसेंबर, गुरुवार.

ज्ञानेश्वर गाडी घेऊन आला होता. दादा, बेलापूरला चल, हितं एकटा वेडा होशील. मी पिशवी भरली. जिन्यापर्यंत आलो. मग लक्षात आले, ती येईल तेव्हा घर बंद असेल.

पिशवी परत आणली. तो रडत गेला.

खरे लिहायचे तर — मला भीती वाटते. माझ्या स्वतःच्या मुलीची भीती. जिला मी न्हाऊ घातले, जिचे दप्तर भरले. ती वर आली तर कशी असेल, एकोणचाळीस — नाही. एकतीस दिवस. आज मोजणी चुकली.

१९ डिसेंबर, शुक्रवार.

पान ११७. 'उद्या. सामान आधीच गेलं, बरं झालं. पाय जड आहेत. दार उघडं असेल ना? सही नाही केली बाबांनी, पण आता सत्रच पूर्ण, मग चालेल ना?'

बारा पायऱ्या.

दाराला आतून अडसर घातला. मग काढला. मग घातला.

लंकाबाई खालून ओरडून सांगतात, सायेब, 'जा' म्हना, आजून येळ हाय. त्या दोघांसाठी बोलत आहेत, तिच्यासाठीही, माझ्यासाठीही. मला कळते —

२० डिसेंबर, शनिवार.

सकाळी आठ. टेबलावर दोन्ही वह्या ठेवल्या. शेजारी-शेजारी. ठरल्याप्रमाणे.

दुपारी एक. लंकाबाईंना त्यांच्या भाचीकडे पाठवले. जाताना त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटे मोडली.

तीन वाजता. ऊन आहे. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्या आहेत. श्वासाची वाफ दिसते. खिडकीच्या काचेवर आतून पांढरे चढले.

पान ११८ कोरे. अजून —

साडेतीन. जिन्यावर पाऊल. ओले, जड. एक.

दोन. थांबते. दम घेते. नंदू लहानपणी शाळेतून आली की अशीच —

चार. पाच.

'जा' म्हणायचे आहे. म्हणायलाच हवे. तोंड उघडले. आवाज निघत नाही. आवाज निघतो का ते ती आधी करून पाहायची —

आठ.

पान ११८ वर अक्षरे उमटत आहेत. माझ्या डोळ्यांसमोर. 'बाबा, मी घरी येऊ का?'

तिने पुन्हा विचारले. विचारणार नाही म्हणाली होती. तरी विचारले.

अकरा. दाराच्या फटीतून काही चमकते. पांढरे. पानाएवढे.

फाइल काढली. संमतिपत्र. 'प्रलंबित' खोडले. पेन चालत नाही, शाई गोठली. पेन्सिलीने लिहितो. अडसर काढला आहे. मला भीती वाटते. तरी काढला आहे.

चौदा.

मी, श्रीमंत वैजनाथ औताडे, राजनंदिनीचा पिता, लिहून देतो की माझ्या मुलीने सत्र पूर्ण करण्याची आवश्यकता नाही. हजेरीची नाही, श्रेयांकांची नाही. तिला घरी येण्यास माझी संमती आहे. विनाअट. याच क्षणी. तिने मला विचारले त्याच क्षणापासून —

सोळा.

थंड आहे. फार थंड. नंदू, दार उघडेच आहे बाळा, ये, आत ये, मी चहा —

(सही)
श्रीमंत वैजनाथ औताडे
कोपरगाव
दिनांक ९ नोव्हेंबर २०२५